लायनरला माया ठेवा

शिवणकामात ‘माया’ म्हणजे काय, हे ज्याने कधी सुई-दोरा हातात धरलाय त्याला सांगायला नको. शिवणीच्या पलीकडे बोटभर कापड आत राखून ठेवतात, ती माया. मूल वाढलं, अंग सुटलं, की उसवायचं आणि त्यातून काढायचं. बत्तीस वर्षं मी शिवणाचे क्लास घेतले आणि प्रत्येक तुकडीला पहिल्याच दिवशी सांगत आले, की बायांनो, मायेत कंजुषी करू नका. आणि परसातल्या तळ्याला जोड द्यायची वेळ आली तेव्हा मी ती नेमकी नको त्या बाजूला ठेवली. त्यापायी एकच जोड दोनदा द्यावा लागला.

तळं सात वर्षांपूर्वीचं. ३ मीटर लांब, २ मीटर रुंद, मधोमध ६० सेंमी खोल. आत काळा रबरी लायनर, म्हणजे पाणी जमिनीत मुरू नये म्हणून खड्ड्यात अंथरलेली चादर, नऊ गोल्डफिश आणि एक कमळवेल, जी पहिली दोन वर्षं रुसल्यासारखी बसली होती आणि नंतर तिने अर्धं तळं झाकून टाकलं. मासेही वाढले. गेल्या उन्हाळ्यात पहाटे बघावं तर सगळे पृष्ठभागाशी येऊन तोंडं उघडी टाकून बसलेले. कारण साधं होतं. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना जेमतेम साडेसात. त्यातून रात्रभर वनस्पतीसुद्धा प्राणवायू वापरतातच, म्हणून पहाटे तो सगळ्यात कमी. उथळ पाणी तापतंही लवकर. तळं वाढवायचं आणि नवा भाग खोल घ्यायचा, हे तेव्हाच ठरलं. एका बाजूला २ मीटर पुढे जायचं आणि ९० सेंमी खोल उतरायचं.

आता खरं सांगायचं तर जोड न देणं हेच उत्तम. सगळ्या तळ्याला एकच नवा लायनर घालायचा आणि जुना काढायचाही नाही, तो खाली गादीसारखा राहू द्यायचा. हिशोब सोपा आहे. लांबी, अधिक खोली दोनदा, अधिक दोन्ही काठांना ३० सेंमी. माझ्या वाढीव तळ्याला ५ अधिक १.८ अधिक ०.६, म्हणजे ७.४ मीटर, रुंदीत २ अधिक १.८ अधिक ०.६, म्हणजे ४.४. वजन चाळीस किलोच्या आसपास, दोघातिघांनी उचलण्यासारखं. पण माझ्या जुन्या काठावर तीन बाजूंनी सिमेंटात बसवलेले दगड होते. ते फोडल्याशिवाय नवा लायनर काठाखाली जाणार नव्हता, आणि त्या दगडांच्या फटींत सात वर्षांचं शेवाळ, नेचे, बेडकांची बिऱ्हाडं. “हे फोडायचं असेल तर मी त्या दिवशी घरी नसेन,” असं आमच्या ह्यांनी सांगून टाकलं.

भाच्याने दुसरा मार्ग सुचवला. “आत्या, दोन वेगळी तळी कर ना. जुनं जरा वर, नवं खाली, वरचं भरून खालच्यात सांडेल. जोडायचंच कशाला?” मुलगा हुशार आहे. तसं करतात. वरचा लायनर खालच्यावर कौलासारखा लोंबता सोडला की गोंदसुद्धा लागत नाही, फक्त खालच्या तळ्याची पाणीपातळी त्या लोंबत्या टोकाच्या वर जाता कामा नये. तुमच्याकडे उतार असेल तर हेच करा आणि पुढचं वाचूसुद्धा नका. माझं अंगण ताटासारखं सपाट. शिवाय माशांना या टोकापासून त्या टोकापर्यंत पोहता यायला हवं होतं. नाहीतर उन्हाळ्यात त्या खोल पाण्याचा उपयोग काय?

म्हणून जोड.

जोड देण्याआधी आपला लायनर कुठल्या जातीचा आहे हे माहीत असावंच लागतं. रेशमाला आणि खादीला एकच सुई चालत नाही, तसंच हे. माझा ईपीडीएम, म्हणजे रबर. ताणला तर ताणतो आणि सोडला की परत येतो. हे रबर कारखान्यातच पक्कं झालेलं असतं, त्यामुळे ते पुन्हा वितळत नाही. तापवून चिकटवायचा प्रश्नच नाही. पीव्हीसी असेल तर त्याचा गोंद वेगळा, तो दोन्ही पृष्ठभाग किंचित विरघळवून एकजीव करतो, आणि पीव्हीसी उष्णतेनेही सांधता येतो. पण जुन्या पीव्हीसीतला मऊपणा आणणारा अंश वर्षानुवर्षं निघून जातो आणि तो पुठ्ठ्यासारखा कडक होतो. तसा झाला असेल तर जोडायचा विचार सोडा. शेततळ्यांत वापरतात तो एचडीपीई गरम यंत्रानेच सांधतात, त्याला कुठलाही गोंद धड धरत नाही. ओळख पटत नसेल तर कोपऱ्यातला नखाएवढा तुकडा कापून मोकळ्या हवेत त्याला तापलेली सुई टोचा. प्लॅस्टिक वितळून सुईला लागतं, ईपीडीएम वितळत नाही.

कापड घेतलं की आधी चिंधीवर टीप मारून बघायची ही माझी खोड. ती इथे कामी आली. जुन्या लायनरच्या काठाची कातरणं घेऊन मी तीन नमुने केले. एक न्हाणीघराच्या फटींत भरतात त्या सिलिकॉनने चिकटवला, एक सायकलच्या पंक्चरच्या सोल्युशनने, आणि एक ईपीडीएमसाठीच मिळणाऱ्या दुहेरी चिकट टेपने, खाली त्याचा प्रायमर, म्हणजे टेपने पकड घ्यावी म्हणून आधी लावायचा द्रव, लावून. तिन्ही बादलीत बुडवून आठवडाभर ठेवले. सिलिकॉन तर लेस उसवावी तसं एका ओढीत सरसर निघून आलं. सोल्युशनने धरलं होतं, पण कोपरा नखाने उचलला गेला. टेपचा नमुना मी ओढला, भाच्याने ओढला, शेवटी ह्यांनी पायाखाली धरून ओढला. रबर ताणत गेलं, जोड सुटला नाही. तेव्हा माझी खात्रीच झाली, की टेप चांगली तर जोड चांगला. त्या खात्रीनेच घात केला.

पहिला जोड मी मन लावून दिला होता, हे मात्र सांगते. जुन्या लायनरचा काठ दगडांखाली दुमडलेला होता. ज्या बाजूने वाढवायचं तिथले दगड सुटेच होते. ते काढले तर खालची दुमड उलगडली, आणि तो भाग सात वर्षांत ऊन न लागलेला, पहिल्या दिवसासारखा. जोड तिथेच घ्यायचा ठरवलं. पाण्याच्या रेषेवर क्षारांचा पांढरा थर होता, तो व्हिनेगरने पुसून काढला. मग साबण न लावता नायलॉनच्या ब्रशने घासलं, धुतलं, वाळवलं. नव्या लायनरवर कारखान्यातली पांढरी भुकटी असते, तीही घासून काढावी लागते. वर नुसतं फडकं फिरवून ती जात नाही, बोट फिरवून बघा.

नवा तुकडा ४.४ मीटरचा चौरस होता. घडीतून काढून अर्धा-पाऊण तास उन्हात पसरून ठेवला की रबर सैलावतं, घड्यांच्या रेघा जातात. मग दोन्ही काठ १० सेंमी एकमेकांवर आणले. टाचण्या टोचायला मनाई, म्हणून विटांनी दाबून ठेवले. वरच्या काठाच्या सेंटीमीटरभर पुढे खालच्या तुकड्यावर खडूने रेघ मारली, कारण टेपची कड वरच्या काठाबाहेर थोडी डोकावलेली दिसली पाहिजे. दिसली म्हणजे ती काठापर्यंत पोहोचली. वरचा काठ मागे दुमडून दोन्हीकडे प्रायमर. तो नुसता फासायचा नाही, रगडायचा. त्याचा वास डोक्यात जातो आणि तो भुर्रकन पेट घेतो, म्हणून मोकळ्या हवेत आणि विस्तवापासून लांब. बोट लावून उचललं की तार सुटत नाही, बोटाला ओलं लागत नाही, एवढाच वाळू द्यायचा. सकाळी दव असताना किंवा संध्याकाळी गारवा उतरल्यावर हे काम घ्यायचंच नाही. प्रायमरवर दमट हवेचा नुसता निःश्वास पडला तरी पुढचं सगळं वाया.

टेप ७.५ सेंमी रुंदीची. रेघेला धरून कागदाची बाजू वर ठेवून लावली, रोलरने दाबली, मग वरचा काठ त्या कागदावर परत आणून ठेवला. इथे खरी मजा आहे. कागद खालून तिरका, हळूहळू ओढत काढायचा आणि मागोमाग हाताने दाबत जायचं. मशीनखाली कापड सरकवताना डावा हात जे करतो, तेच. एकदा चिकटलं की सरकवायची सोय नाही, धावदोरा घालून बघता येत नाही. कुठे चुणी पडली तर तिथे माशाच्या तोंडासारखी नळी तयार होते, आणि पाण्याला तेवढंच पुरतं. मला चुणीची इतकी धास्ती, की मी नवा लायनर ताठ ओढून धरायला लावला. भाचा तिकडून ओढतोय, मी इकडून चिकटवतेय. सपाट, सुरकुती म्हणून नाही. इस्त्री केलेल्या कॉलरसारखा जोड. मी त्याचा फोटोही काढला, आणि क्लासच्या जुन्या मुलींना पाठवलाही.

उरलेला सगळा सैलपणा पलीकडच्या काठावर गेला. तिथे दगडांखाली तब्बल ७० सेंमी लायनर दुमडून ठेवला होता. कापून टाकायचा धीर होत नाही हो, सवयच नाही.

दोन दिवसांनी पाणी भरलं. जोडाची जागा मी ४० सेंमी रुंदीच्या पायरीवर घेतली होती, पाण्याच्या २५ सेंमी खाली. तिथून तो दोन्ही बाजूंच्या भिंतींवर चढत काठापर्यंत जात होता. मासे नव्या भागात आठवडाभर फिरकले नाहीत, मग एकदम सगळे तिकडेच राहायला गेले. साधारण दोन महिने सगळं छान होतं.

नंतर पाणी उतरायला लागलं. ह्यांचं म्हणणं, ऊन आहे, आटणारच. ऊन तर होतंच. म्हणून बादलीचा प्रयोग केला. हा कुणीही करावा, फुकटचा आहे. बादलीत तळ्याचंच पाणी भरायचं, ती तळ्याच्या पायरीवर तळ्यातच ठेवायची, म्हणजे दोन्हीला ऊन-वारा सारखाच. बादलीच्या आत एक खूण, बाहेर तळ्याच्या पातळीला एक खूण, पंप बंद, आणि २४ तास हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी बादलीतलं पाणी ६ मिलिमीटर उतरलं होतं, तळ्यातलं २१. फरक १५ मिलिमीटरचा. ऐकायला कमी वाटतो, पण १० चौरस मीटरच्या तळ्याला तो दिवसाला १५० लिटर होतो.

मग मी पाणी घालणं बंद केलं आणि ते कुठे थांबतं ते बघत बसले. गळती जिथे असते तिथवर पाणी उतरतं आणि मग नुसतं आटायच्या वेगावर येतं. माझं १७ सेंमी उतरून थांबलं. म्हणजे पायरीवरचा आडवा जोड निर्दोष, दोष भिंतीवर चढणाऱ्या भागात. पुन्हा त्या पातळीच्या जरा वर येईल एवढंच पाणी घातलं, ते निवळू दिलं, आणि बिनसुईच्या सिरिंजमध्ये दूध घेऊन जोडाच्या कडेने थेंब थेंब सोडत गेले. उजव्या बाजूला दूध ढगासारखं जागच्या जागी तरंगलं. डाव्या बाजूला, पायरी संपून भिंत सुरू होते त्या वळणाच्या थोडं वर, त्या ढगातून एक पांढरा दोरा निघाला आणि हळूच जोडाच्या आत गेला. सुईच्या नेढ्यातून ओवल्यासारखा. मी ते दोनदा बघितलं. राग येण्याआधी मला ते सुंदर वाटलं, काय करणार.

मासे टबात, टबावर जाळी आणि तळं रिकामं. लायनर उचलून बघितलं तर डावीकडे जमीन तीन-चार सेंमी खचलेली. तिथे जुन्या तळ्याचा मातीचा बांध होता. खणताना तो अर्धा ढासळला होता आणि मी फावड्याच्या पाठीने ताजी माती थापून त्याला आकार दिला होता. वरून गुळगुळीत, आतून पोकळ. पाण्याचा भार मीटरभर खोलीला चौरस मीटरमागे एक टन असतो. २५ सेंमीलासुद्धा अडीचशे किलो. एवढा भार लायनरला खचलेल्या जागेत ढकलत होता आणि लायनर मी ताठ ओढून चिकटवलेला. खाली जायला त्याच्याकडे काही उरलंच नव्हतं. मग ओढ सगळी टेपवर आली. ही टेप म्हणजे कच्चं, मऊ रबर. झटक्याला ती दाद देत नाही, पण सततच्या ओढीला हळूहळू, दिवसाला केसभर, सरकते. बादलीतल्या नमुन्याला आम्ही तिघांनी मिनिटभर ओढलं होतं. दोन महिने कुणी ओढून धरलं नव्हतं.

फिटिंगच्या ब्लाउजची शिवण काखेतच का उसवते? दोरा वाईट असतो म्हणून नाही. हात वर होतो तिथे माया नसते.

दुसऱ्यांदा जमिनीपासून सुरुवात केली. थापलेली माती सगळी काढून घट्ट जमीन लागेपर्यंत खाली गेलो. मग किंचित ओली माती १०-१० सेंमीच्या थरांनी भरून प्रत्येक थर धुम्मसाने ठोकला, पहारीचं टोक सहज रुतेनासं होईपर्यंत. हे काम दीड दिवस चाललं आणि त्यात दाखवण्यासारखं काहीच नाही, फोटो काढावा असं तर अजिबातच नाही. भिंत आणि पायरीमधलं वळण काटकोनी होतं, ते ताटाच्या कडेसारखं गोल केलं. वर जिओटेक्स्टाइलचं, म्हणजे लायनरखाली घालायच्या जाड कृत्रिम कापडाचं, अस्तर.

आणि सैलपणा? तो पलीकडे होताच. दगड काढले, त्या ७० सेंमीमधून २५ सेंमी सोडवले आणि सगळा तुकडा जोडाकडे सरकवला. न कापलेल्या कापडाने कधी कुणाचं वाईट केलेलं नाही. जुन्या जोडाचा भाग कापून टाकला, पुन्हा घासलं, पुन्हा प्रायमर. या वेळी जोडाच्या दोन्ही बाजूंना लायनरची एकेक ढिली दुमड सोडली, विटा ठेवून ती जागेवर धरली, आणि मगच चिकटवायला घेतलं. चुण्या असू देत, जोडापासून वीतभर लांब असल्या म्हणजे झालं. जोडाखाली एक गुळगुळीत फळी सरकवली, म्हणजे रोलरला खालून आधार मिळतो. नाहीतर मऊ मातीवर रोलर फिरवणं म्हणजे गादीवर इस्त्री. एक हात झाला की फळी पुढे. रोलर आधी जोडाच्या आडवा, मग लांबीने. शेवटी जोडाच्या कडेवर १५ सेंमी रुंदीची चिकट रबरी पट्टी, तिचे कोपरे कात्रीने गोल केलेले, कारण चौकोनी कोपरा पहिल्यांदा उचलतो. पट्टीच्या कडेला ईपीडीएमचंच सीलंट.

माशांचं थोडक्यात सांगते. फिल्टरचे स्पंज मी पहिल्या वेळी वाळू दिले होते आणि त्यातले उपयोगी जिवाणू मेले होते. तळ्यात अमोनिया वाढला, पंधरा दिवस रोज थोडं थोडं पाणी बदलावं लागलं. या वेळी स्पंज तळ्याच्याच पाण्यात ठेवले, हवेचा पंप लावून. जुनं पाणी जमेल तेवढं पिंपांत साठवलं. नळाच्या पाण्यातला क्लोरिन सोडियम थायोसल्फेट घालून काढला. नुसतं उघडं ठेवून साधा क्लोरिन उडून जातो, पण पाण्यात क्लोरामिन, म्हणजे अमोनियाशी जोडलेला क्लोरिन, असेल तर तो दिवस-दोन दिवसांत हटत नाही. मासे सोडताना टबातल्या पाण्यात तळ्याचं पाणी तासभर हळूहळू मिसळलं.

याला आता अकरा महिने झाले. मी दर महिन्याला बादली ठेवते. हे म्हणतात, आता पुरे. काल ठेवली होती: बादली ५ मिलिमीटर, तळं ५ मिलिमीटर. जोडाजवळच्या त्या ढिल्या दुमडीत गाळ साठून आता एक बेडूक दिवसभर तिथेच बसलेला असतो, नाकाची दोन भोकं तेवढी पाण्याबाहेर. दिसायला दुमड गबाळीच आहे. क्लासच्या मुलींना तिचा फोटो काही मी पाठवला नाही.

परवा भाचा काठावर बसून पायाने पलीकडची जमीन चाचपत होता. “आत्या, या बाजूला अजून मीटरभर जाता येईल गं.” मी काही बोलले नाही. त्या दगडांखाली अजून ४५ सेंमी आहे, तेवढ्याने काही मीटरभर होत नाही. मी मोजून ठेवलंय.